अडतीस जणींचा ब्रेक

गुरुवारी सकाळी तिसरा ॲप्रन परत आला, तेव्हा साहेबरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

पहिला आला तेव्हा त्यांना वाटलं होतं, असेल बाईची काही अडचण. दुसरा आला तेव्हा वाटलं, एकीचं बघून दुसरी. पण ही तिसरी बाई सगळ्यात वरच्या वाडीतून डोंगर उतरून आली होती. धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घातलेला ॲप्रन, त्यावर वायर कापायचं कटर, त्यावर गळ्यातलं ओळखपत्र. हे सगळं तिनं शेडच्या पायरीवर मांडलं आणि म्हणाली, "दीपमालाताईस्नी सांगा, समदं हाय का बघून घ्या. दुसऱ्याची वस्तू आमी ठेवत न्हाई."

"अगं, पर झालं काय?" साहेबरावांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी विचारलं.

"ते तुमच्या नातीला इचारा. काडून टाकायचं तर टाका, आमची काय जबरदस्ती हाय व्हय? पर वर अभिनंदन कशापायी?"

एवढं बोलून ती आल्या पावली चालू लागली. साहेबराव नवलानं बायकोकडं बघत राहिले.

चाकण-पिंपरीच्या सगळ्या पट्ट्याला गुरुवारची सुट्टी. त्यामुळे देहूरोडच्या घरातली झाडून सगळी मंडळी आज आंबेखिंडीत आली होती. कारणही तसंच होतं. साहेबरावांची सून दीपमाला गेली दोन वर्षं इथं, चाकणपासून दोन तास आत, गाड्यांच्या वायरिंगचं युनिट चालवत होती. रंगीबेरंगी वायरी मापानं कापायच्या, बोर्डावर लावायच्या, टेप गुंडाळून त्यांचा झुबका बांधायचा आणि चाकणच्या कंपनीला पाठवायचा. सहा बायांवर सुरू केलेलं काम आता अडतीस जणींवर गेलं होतं. उद्या, शुक्रवारी सकाळी सातला, कंपनीची माणसं युनिट बघायला येणार होती. अडतीसही जणी जागेवर दिसल्या तर दुसरी लाइन इथंच मिळणार, म्हणजे आणखी चाळीस घरांत काम जाणार. नाही दिसल्या तर आहे तेही उचलून चाकणला जाणार. मग ज्यांना जमेल त्यांनी पहाटे चारला उठून बस धरावी आणि बाकीच्यांनी पुन्हा रानातून मोळ्या आणाव्यात.

आणि ही शेड उभी होती साहेबरावांच्या जागेवर, बौद्ध वस्तीत. गावातल्या सगळ्या आळ्यांच्या बाया, पाटलांच्या सुनेसकट, रोज सातला वस्तीत येत आणि एका बाकावर बसून काम करत. साहेबराव आपणहून याचा कधी बडेजाव मिरवत नसत. पण देहूरोडच्या विहारात कुणी चुकून विषय काढलाच, तर त्या माणसाची पाऊण तास सुटका नसे.

"मैत्री!" दीपमालानं शेडमधून हाक मारली. "काल काय टाकलंस गं बातम्यांत?"

मैत्री दीपमालाची लेक, ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दर बुधवारी संध्याकाळी ती 'आंबेखिंड वार्ता' नावाचं एक पान काढायची. ते मोबाइलवर गावाच्या ग्रुपला जायचं आणि डेअरीच्या भिंतीवर छापून चिकटवलं जायचं. एसटी कुठल्या दिवशी येणार नाही, दाखल्यांचं शिबिर कधी, कुणाची पोरगी नर्स झाली, कुठल्या कंपनीत भरती आहे. मोठ्या पेपरांना आंबेखिंड आठवायची ती दरड कोसळली की. मैत्रीच्या पानात मात्र गाव दर आठवड्याला जिवंत असायचं, आणि पानाच्या तळाशी स्वतःचं नाव टाकायला ती कधी विसरायची नाही.

तिनं मोबाइल काढून वाचलं, "'शुक्रवारपासून युनिटमधील सर्व महिलांना ब्रेक. दीपमालाताईंचा निर्णय. सर्व भगिनींचं मनःपूर्वक अभिनंदन!' बरोबरच आहे की, मम्मी. चार वाजता चहाला पंधरा मिनिटं द्यायची, तूच तर ठरवलंस. मथळ्यात मावेना म्हणून चहा काढला मी."

बाहेर टेम्पोचं फाळकं लावत असलेला धम्मरत्न तिथंच थांबला. धम्मरत्न म्हणजे मैत्रीचा बाप, साहेबरावांचा मुलगा. त्यानं कपाळाला हात लावला.

"चहा काढलास? अगं बाई, ब्रेक म्हणजे काय ठाऊक आहे का तुला? कंत्राटी माणसाचे सात महिने भरले की कंपनी त्याला ब्रेक देते. ब्रेक दिला म्हणजे काढलं! घरी बस! या पट्ट्यात शेंबड्या पोराला कळतं ते. आणि तू अडतीस बायांना ब्रेक देऊन वर त्यांचं अभिनंदन केलंस?"

मैत्रीनं ती ओळ पुन्हा वाचली. ध चा मा झाल्याची गोष्ट या मुलखात सगळ्यांना पाठ असते, पण आपल्या हातून तो झाल्यावर माणसाला कसं वाटतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"मला सहा वेळा ब्रेक मिळालाय, सहा!" धम्मरत्न थांबेना. "आपल्याच घरातली पोरगी, आणि तिला एवढं माहीत नसावं? बंद कर ते पान. आजच्या आज बंद."

दीपमाला काही बोलली नाही. ती गप्प बसली की नवऱ्याच्या बाजूनं असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबरावांनाही पोराचं म्हणणं पटत होतं. नातीचा त्यांना अभिमान होता, पण आज ज्या बाया डोंगर उतरून आल्या, त्यांच्या डोळ्यांतलं त्यांनी पाहिलं होतं.

"तिला कसं माहीत असनार रं?" गिरजाबाई म्हणाल्या. "तू घरी बसलास की पोरीला काय सांगायचास, आठीव की. 'पप्पांना सुट्टी लागलीया.' पोरगी उड्या मारायची. शाळेत सांगून यायची, माझ्या पप्पांना कंपनीनं दोन म्हैने सुट्टी दिली. आमी समद्यांनी तोंडाला कुलूप घातलं, का तर लेकराला कळू नगं. आता कळलं न्हाई म्हणून तिलाच बोलतुयास?"

धम्मरत्ननं लेकीकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. ती सहा वर्षांची असताना असल्याच एका सुट्टीत त्यानं तिला सायकल शिकवली होती. तिच्या आयुष्यातली सगळ्यात छान सुट्टी, असं ती अजूनही म्हणायची.

"ती सुट्टी..." मैत्रीनं विचारलं.

"हां. तीच ती," तो म्हणाला आणि टेम्पोकडं वळला. पण पान बंद करायचं त्यानं पुन्हा तोंडातून काढलं नाही.

दीपमाला मात्र हातावर हात ठेवून बसणारी बाई नव्हती. तिनं लगेच दुरुस्तीचा मेसेज लिहायला घेतला. तो गेला नाही. बुधवारी रात्री वारं सुटलं तेव्हापासून टॉवर बंद पडला होता. म्हणजे बातमी जाईपर्यंत रेंज होती आणि चूक सुधारायच्या वेळेला नाही. गावाचं नशीबच असं तालेवार.

"टेम्पो घेऊन फिरतो मी," धम्मरत्न म्हणाला.

"टेम्पो जाईल दोन वाड्यांत," दीपमाला म्हणाली. "बाकी तीन डोंगरावर. तिथं बैलगाडी जात नाही. आणि बाया आता घरात कुठं असतील? कुणी शेतावर, कुणी रानात. संध्याकाळी माहेरचे कुणी म्हणाले, चल दुसरीकडं लावून देतो कामाला, की गेल्या."

"मंग दवंडी देऊ," आबाजी म्हणाला.

आबाजी साहेबरावांचा धाकटा भाऊ. साहेबराव पिंपरीला गेले तेव्हा तो गावातच राहिला, शेतीचा तुकडा कसत राहिला. आत्तापर्यंत तो कोपऱ्यात वायरींचे उरलेसुरले तुकडे निवडत बसला होता. "चावडीम्होरं हुबं ऱ्हायलं आनि हलगी घातली, की समद्या वाड्यांना जातंय. खिंडीत आवाज घुमतो. घरात हलगी हाय, मी हाय."

गिरजाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"आबाजी," साहेबराव म्हणाले, "ह्या घरातलं मानूस पुन्ना दवंडी देनार न्हाई. जीव गेला तरी न्हाई."

"दादा, अडतीस बायांचं काम..."

"न्हाई म्हनलं ना!"

छत्तीस वर्षं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, धाडधाड पडणाऱ्या यंत्रांवर आवाज चढवून काढलेला माणूस तो. पत्र्याची शेड दणाणली. मैत्रीनं आजोबांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, ब्रेकचं कुणी सांगितलं नाही म्हणून हे झालं. आता हे तरी सांगा. दवंडीला काय आहे?"

साहेबराव बोलले ते खाली बघतच.

"माझा बाप दवंडी द्यायचा. गावकीचं कामच व्हतं आपलं. पाटील सांगंल ते ओरडायचं. बाहत्तरचा दुष्काळ. खालच्या झऱ्याला पानी न्हाई. एक दिवस चावडीवर बापाला बोलावलं नि हुकूम दिला. बाप हलगी घेऊन आला, वस्तीच्या तोंडाला हुबा ऱ्हायला, नि वरडला, का वस्तीतल्या कुनी वरच्या विहिरीला हात लावायचा न्हाई. समोर माझी आई हुबी, डोक्यावर रिकामी घागर घेऊन. स्वताच्या बायकोला त्यानं दवंडी दिली, मैत्री. घरात येऊन तिच्याशीबी बोलला न्हाई, आमच्याशीबी न्हाई. म्होरल्या वर्षी मी पिंपरीला गेलो. म्हनलं, कारखान्यात पत्रा ठोकीन, पर कुनाचा हुकूम वरडनार न्हाई."

आबाजीनं वायरीचा तुकडा हातात नुसताच धरला होता. त्यालाही ते दृश्य आठवत होतं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

"पण आजोबा, हा कुणाचा हुकूम नाहीये," मैत्री म्हणाली. "मी लिहिलं, मी चुकले. माझ्या पानावर माझं नाव असतं. मग चूक सांगायलाही मीच जायला पाहिजे ना?"

"तू जा," साहेबराव म्हणाले. "तुझ्या तोंडानं सांग. हलगी न्हाई."

"चालेल," ती उठली. आबाजी तिच्या मागोमाग निघाला. धम्मरत्ननं टेम्पो चालू केला आणि खालच्या दोन वाड्यांकडं गेला. दीपमाला डेअरीच्या भिंतीवर नवीन कागद लावायला पळाली. भांडणात दोन तट पडलेलं घर कामाला लागलं की कसं एका दिशेनं चालतं, ते गिरजाबाई कौतुकानं बघत राहिल्या. साहेबराव मात्र शेडच्या दारातून हलले नाहीत.

चावडी तिथून स्पष्ट दिसत होती. मैत्री चौथऱ्यावर उभी राहिली आणि बोलू लागली. कॉलेजात बक्षीस मिळवलेलं भाषण होतं तिचं, पण ते माइकवरचं. इथं तिचा आवाज वडाच्या सावलीपर्यंतसुद्धा पोचेना. पारावरचे दोन म्हातारे "काय म्हनतीया?" असं एकमेकांना विचारत होते. वरच्या वाड्यांकडं तर शब्दही गेला नसेल. ती पुन्हा ओरडली, मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, खोकला आला.

ते बघून आबाजीला राहवेना. हलगी नव्हती, पण गळा तर होता. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले, डोंगराकडं तोंड केलं, आणि पन्नास वर्षांपूर्वी बापाच्या मागं फिरताना जिभेवर बसलेलं जे होतं तेच बाहेर पडलं:

"ऐका हो ऽऽ ऐका! पाटलांचा हुकूम हाय हो ऽऽ..."

"आबाजी!"

साहेबराव शेडमधून निघाले ते धावतच. गुडघ्यांचं दुखणं होतं, डॉक्टरनं जिने चढू नका सांगितलं होतं. वस्ती ते चावडी चढणीची वाट त्यांनी कशी पार केली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आबाजी बिचारा तोंडावर हात ठेवून उभा होता. त्याला बोलायचं होतं भलतंच, आणि जीभ गेली होती जुन्या वळणावर.

"चुकलो, दादा. तोंडातनं निसाटलं."

"सरक," साहेबराव म्हणाले. त्यांनी नातीचा हात धरला, चौथऱ्यावर चढले आणि छाती भरून श्वास घेतला.

"कुनाचा हुकूम न्हाई!" ते ओरडले. खिंडीतून आवाज परत आला. शेतातली माणसं उभी राहिली. "हुकूम न्हाई, बातमी हाय! नि बातमी चुकली हाय! ब्रेक म्हंजी चहाचा! युनिटातल्या बायांस्नी रोज चारला चा, पंधरा मिंटं! कामावरनं कुनालाबी काडलेलं न्हाई! उद्या सातला समद्यांनी कामावर यायचं! लिवनारी माझी नात मैत्री, ती हितं हुबी हाय, तिला काय बोलायचं ते बोला! सांगनारा मी, साहेबराव भागाजी!"

बापाचं नाव त्यांनी ठरवून घेतलं नव्हतं. ते आलं. या चावडीवर त्या माणसाचं नाव कधी सबंध घेतलं गेलं नव्हतं, त्याचं नुसतं 'भाग्या' व्हायचं. साहेबरावांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट गळा अधिकच मोकळा झाला आणि त्यांनी सगळं पुन्हा एकदा, डोंगराकडं तोंड करून, पहिल्यापासून सांगितलं. वरच्या वाडीतून एक बारीकशी हाळी आली, "आयकलं ऽऽ!" मग दुसरीकडून कुणीतरी ओरडलं, "चा कुनाचा? कंपनीचा का आपापला?"

"कंपनीचा!" मैत्री जीव खाऊन ओरडली, आणि पारावरचे म्हातारे हसले.

शुक्रवारी अडतीसच्या अडतीस जणी पावणेसातलाच हजर झाल्या, कंपनीच्या माणसांनी दुसरी लाइन दिली, आणि चार वाजता चहा झाला, हे तालुक्यात पुढं सगळ्यांना कळलं. साहेबराव मात्र ती गोष्ट सांगताना शुक्रवारवर कधी रेंगाळत नाहीत. ते सांगतात गुरुवारचंच, आणि त्यातलंही पाटलांच्या दारातलं.

कारण चावडी उतरून खाली आले तर समोरच्या दारात सुभद्राबाई उभ्या होत्या. उद्धवराव पाटलांची बायको. पंचाहत्तरी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी, पण नजर अजून धारेची. मागं उंबऱ्यात त्यांची सून स्वरूपा.

"भाग्याचा थोरला न्हवं तू?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"भागाजींचा," साहेबराव म्हणाले.

सुभद्राबाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "व्हय, भागाजींचा," त्या म्हणाल्या. "म्हंजी सूनबाईचं काम गेल्यालं न्हाई?"

"न्हाई. उद्या सातला."

"मी येतेय हो, आजोबा," स्वरूपा मागून म्हणाली. "आणि मी काही ॲप्रन आणून दिला नव्हता. म्हटलं, काढायचं असेल तर ताई तोंडावर सांगतील."

सुभद्राबाई आता मैत्रीकडं वळल्या. "ते पान तू लिवतीस व्हय? मंग आमचंबी लिव. पाटलांची सून स्वरूपा, अडतीस जणींत तिचा हात समद्यात चपळ. तिनं बांधलेला एकबी झुबका कंपनीनं माघारी धाडला न्हाई. आनि हेबी लिव, का सासूनं पाठिंबा दिला म्हनून ती हितवर आली."

स्वरूपानं ओठ मिटून घेतले. मैत्रीनं वही उघडली होती, ती तशीच धरून ठेवली.

"हाताचं लिहिते, आजी. ते खरंच आहे. पण पाठिंब्याचं कसं लिहू? तुम्ही यांना वस्तीत येऊ देत नव्हता. चार महिने अडवलं होतं, मला माहितीये."

"ते नगं लिवू," सुभद्राबाई म्हणाल्या. पाटलांच्या घरात हुकूम देऊन देऊन गुळगुळीत झालेला आवाज होता तो.

"मग पाठिंब्याचंही नाही लिहिणार. लिहिलं तर दोन्ही."

पन्नास वर्षं पिंपरीत काढली, युनियनच्या सभा गाजवल्या, तरी या दारासमोर हात जोडले जातात की काय असं साहेबरावांना वाटून गेलं. 'लेकरू हाय, मनावर घेऊ नका' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले. त्यांचा बाप या दारातून सांगितलेलं सगळं ओरडत होता. आणि ही त्यांची नात, टेपचे डाग पडलेल्या कुर्त्यात, बसलेल्या घशानं, 'लिहिणार नाही' म्हणून सांगत होती. साहेबराव तिच्या शेजारी ताठ उभे राहिले. इतका आनंद त्यांना कायम झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हाही झाला नव्हता.

सुभद्राबाई काठीवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ त्या पोरीकडं बघत होत्या. मग सुनेकडं बघितलं. मग पुन्हा पोरीकडं.

"बरं," त्या म्हणाल्या. "दोन्ही लिव. आदी अडवलं, मागनं पाठिवलं. सुभद्राबाई उद्धवराव, पुरं नाव टाक."

मैत्री लिहू लागली. लिहिता लिहिता तिनं मोठ्यानं म्हटलं, "चार महिने अडवलं..."

"चार न्हाई गं," सुभद्राबाई म्हणाल्या. "पाच म्हैने. लिवायचं तर नीट लिव."